सुटून आलेल्या माणसांसाठी एकत्र राहण्याचं घर: काढायचं असेल तर

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते. नाशिकरोडला जेल रोडवर तुमचं वडिलोपार्जित बैठं घर रिकामं पडलंय. तीन खोल्या, पडवी, मागे मोरी आणि थोडी मोकळी जागा. तुम्ही दोघंही निवृत्त आहात. तुरुंगातून सुटलेल्या पाच-सहा माणसांना तिथे एकत्र राहू द्यावं, त्यांनी पायावर उभं राहून आपापल्या वाटेने जावं, असं तुमच्या मनात आहे. परवानगी लागते का, खर्च किती, कोणाला घ्यावं, पोलीस आणि शेजारी त्रास देतील का, हे तुमचे प्रश्न. आणि तुमच्या पत्नीचा एक, की मग बायकांसाठी का नको? तुरुंगाच्या आत आणि बाहेर समाजकार्यकर्ती म्हणून बरीच वर्षं याच कामात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

घर जरूर काढा. फक्त सुरुवातीलाच एक ठरवून टाका: तिथे राहणारा माणूस तुमचा लाभार्थी, की भाडेकरू? माझं उत्तर भाडेकरू, आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. 'पुनर्वसन केंद्र' अशी पाटी लागली की तुम्ही संचालक होता आणि तो केस होतो. पाहुणे त्याला बघायला येतात, दिवाळीला कोणीतरी फराळ वाटून फोटो काढून जातं. भाडेकरू करारावर सही करतो, किल्ली घेतो, आणि नळ गळतोय म्हणून तुमच्याशी वाद घालतो. तुरुंगात वाद घालायची सवय मोडते, 'हो साहेब' तेवढं उरतं. सुटून आलेला माणूस पहिल्यांदा पाण्याच्या टाकीवरून तुमच्यावर आवाज चढवेल तेव्हा रागावू नका, काम बरोबर चाललंय असं समजा.

आपल्या भागात अशा एकत्र राहण्याचे दोन जुने नमुने आहेत आणि ते एकमेकांपासून फार लांबही नाहीत. सोलापुरात इंग्रजांच्या काळात गुन्हेगार जमाती कायद्याखालची सेटलमेंट होती. पारधी, कैकाडी, टकारी अशी कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास, काम गिरणीत. १८७१ साली आलेला हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, पण चोरी झाली की आधी पालावर जायची सवय अजून गेलेली नाही. दुसरा नमुना आटपाडीजवळचा. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे स्वतंत्रपूर वसवलं. कल्पना मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन या इंजिनिअरची, पाठिंबा राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा. भिंत नाही, शिक्षा भोगणारा माणूस बायकामुलांसह राहतो, शेत कसतो. ही खुली वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. चांगल्या मनाने काढलेली घरंसुद्धा बघता बघता सोलापूरच्या वाटेला लागतात. सुरुवात होते ती 'रात्री दहाला सगळे आले का ते फक्त बघून येते' अशा साध्या वाक्याने. हजेरी घेऊ नका. गेटपाशी वही नको, घरात कॅमेरा नको, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात मुख्य दाराची किल्ली.

आता कोण येईल ते. लोकांच्या डोळ्यांपुढे जन्मठेप भोगून आलेला, दाढी पिकलेला माणूस असतो. तसे येतात, पण थोडे. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला संपायचा होता असे. तुमच्या दाराशी येणारे बरेचसे जामिनावर सुटलेले असतील आणि त्यांच्या तारखा चालूच असतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाचा हक्क येतो. इतरांना निम्म्या काळानंतर. एकाहून अधिक खटले चालू असतील तर मात्र हे लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये जुन्या खटल्यांनाही ही तरतूद लागू असल्याचं सांगितलं. कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात जामीनदार नाही, पत्ता नाही, म्हणून आदेश होऊनही माणूस आतच बसतो. केंद्राने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० आणि शिक्षा झालेल्याला दंड भरायला २५,००० रुपयांपर्यंत. पैशाचा अडसर त्याने निघू शकतो, पण 'सुटल्यावर राहणार कुठे?' याचं उत्तर योजनेत नाही. ते तुमच्याकडे आहे.

जन्मठेपेवाल्यांबद्दल एक गोष्ट शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रामीण भागातून आलेल्यांमध्ये बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून झालेल्या भांडणात खून झाला, असे बरेच असतात. म्हणजे मेलेला माणूस चुलतभाऊ किंवा शेजारचा शेतकरी. हा चौदा-सोळा वर्षांनी सुटतो तेव्हा घर आहे, जमीन आहे, बायको अजून वाट बघतेय; पण बांधाच्या पलीकडे त्या माणसाची मुलं आता तरणीताठी झालेली असतात. त्याला गावाबाहेर वर्षभर थांबायला जागा हवी. त्या वर्षात कोणीतरी मध्यस्थ जाऊन बोलणी करतो, जमीन वाट्याने दिली जाते, कधी विकली जाते. हे लोक तुमच्या घरातले सगळ्यात शांत भाडेकरू ठरतील. पहाटे उठतील, अंगण झाडतील, मागच्या मोकळ्या जागेत मेथी लावतील. त्यांच्याकडून घर चालवायला शिकून घ्या.

तिसरा प्रकार तडीपारांचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. शिक्षा भोगून झाली तरी तो आदेश चालू असेल तर आपल्याच घरी जाणं हा नवा गुन्हा. दुसऱ्या जिल्ह्यातला तडीपार घ्यायला हरकत नाही, फक्त आदेशाची प्रत वाचून घ्या. आदेशात लगतचे जिल्हेही धरलेले असू शकतात आणि त्यात नाशिक असलं तर त्याला एक रात्रही ठेवता येणार नाही.

कोणाला घेऊ नये, हेही सांगून टाकते, कारण या प्रश्नाला सगळे गुळमुळीत उत्तर देतात. एकाच टोळीचे किंवा एकाच केसमधले दोघे नकोत. दारू-गर्द आजही चालू असलेला नको. त्याला आधी व्यसनमुक्ती केंद्र, मग घर. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यातला माणूस शाळा शेजारी असलेल्या तुमच्या घरात नको. त्यालाही राहायला जागा लागते हे खरं, पण तिथे जाणकार देखरेख हवी आणि ती दोन निवृत्त माणसांना झेपणारी नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याला घ्यायचं तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाशी आधी बोलून, गोळ्यांची सोय करून मगच. टीबीची किंवा एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरची, औषधं चालू असणारा मात्र अडवू नका. तुरुंगातला उपचाराचा कागद मागून घ्या आणि सुटकेच्या दुसऱ्या दिवशी जवळच्या केंद्रात नाव वळवून घ्या. ही औषधं फुकट मिळतात, पण मधे खंड पडला की आजार बिघडतो.

भाडेकरूच्या मुद्द्याकडे परत येते, कारण त्याचा सगळ्यात मोठा फायदा कागदाचा आहे. माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे सुटकेचा कागद असतो आणि बहुधा एक आधार क्रमांक, तोही पाठ असला तर. आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडून दुसऱ्या कोणाला गेलेला असतो. ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातो. ओटीपी नाही म्हणून आधार उतरवता येत नाही, आधार नाही म्हणून सिम मिळत नाही, सिम नाही म्हणून बँक खातं उघडत नाही, आणि खातं नाही म्हणून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कंत्राटदार कामावर घेत नाही. पहिल्या आठवड्याचं अर्धं काम म्हणजे ही साखळी कुठेतरी तोडणं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, तिथे ओटीपी लागत नाही. आणि पत्त्यासाठी नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार चालतो. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे बंधनकारकच आहे, तेव्हा अकरा महिन्यांचा करार रीतसर करा. करार होईपर्यंतच्या दिवसांसाठी आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या नमुन्यातला, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला चालतो. तुम्ही शाळेत होता म्हणता, म्हणजे असा एखादा अधिकारी विद्यार्थी तुमच्या ओळखीत असेलच.

याच कराराच्या जोरावर पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती भरा. ती तशीही भरावीच लागते, आणि भरली की घराविषयीचा पहिला कागद तुमच्या हातचा होतो. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना स्वतः जाऊन भेटा, दिवसा भेटा, दोघं मिळून भेटा. घर कसलं आहे ते लपवू नका. त्यांच्याकडून एकच मागा: विचारायचं असेल तर आधी तुम्हाला फोन करावा. हे पाळलं जाईलच असं नाही. परिसरात कोणाची सोनसाखळी ओढली की रात्री दार वाजणार, हे धरून चाला. त्यासाठी कामावरच्या हजेरीपत्रकाचा उपयोग होतो. कारखान्याच्या पंचिंगची नोंद किंवा कंत्राटदाराचा मस्टर दाखवला की बरेच प्रश्न तिथेच संपतात. चौकशीला नेलं तर कोणी नेलं, कुठे नेलं, किती वाजता, हे लिहून ठेवा आणि १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर लगेच फोन करा. आरडाओरड करू नका, पण कागद करा.

तारखांचं सांगायचं राहिलं. जामिनावर असलेल्या माणसाने तारीख चुकवली की वॉरंट निघतं आणि पुन्हा आत. तारखा चुकण्यामागे पळून जाण्याचा विचार क्वचित असतो; काम बुडतं, वकील फोन उचलत नाही, कधी तारीखच माहीत नसते. आमच्याकडे कालनिर्णयवर प्रत्येकाची तारीख वेगळ्या रंगाने लिहिलेली असते, पोलीस ठाण्यातली हजेरी जामिनाच्या अटीत असली तर तीही. ई-कोर्टच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. हे तुम्ही शिकून घ्या आणि त्यांनाही शिकवा. मोफत वकील कोठडीतल्या प्रत्येकाला मिळतो. बाहेर आल्यावर उत्पन्नाची मर्यादा लागते, पण अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि स्त्रियांना ती नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एकदा चक्कर मारून यायलाच हवी.

आता पहिले दिवस. याबद्दल कोणी विचारत नाही, आणि घर टिकतं किंवा मोडतं ते इथे. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. आलेला माणूस अंधारात झोपू शकत नाही आणि बाकीच्यांना दिवा नको असतो. एका खोलीत झिरोचा बल्ब लावून ती नव्या माणसासाठी ठेवा. तुरुंगात संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमाराला उरकतं, मग बराकीला कुलूप लागतं. त्यामुळे पाचला त्याला कडकडून भूक लागते आणि तुमच्या घरात आठशिवाय पोळी पडत नाही. चारला चहाबरोबर काहीतरी पोटभरीचं ठेवा, महिनाभरात घड्याळ जुळतं. काही जण मोरीत जाताना 'जाऊ का?' विचारतात. काही जण दारासमोर नुसते उभे राहतात. दार उघडं असतं, कडी काढायची असते, पण इतकी वर्षं ते काम दुसऱ्याचं होतं. याच्यावर हसू नये आणि फार कळवळूही नये. 'कडी वरच्या बाजूला आहे' एवढं म्हणावं आणि आपल्या कामाला लागावं. डबे लपवतील, पोळ्या उशाखाली सापडतील. त्याला चोरी म्हणू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थांबतं. २०१६ च्या आधी आत गेलेल्याला यूपीआय म्हणजे काय ते ठाऊक नसतं. वाण्याकडे सगळे फोन दाखवून सामान नेतात आणि हा नोट हातात घेऊन कोपऱ्यात उभा. पहिले चार बाजार कोणीतरी बरोबर जावं, शक्यतो घरातलाच जुना भाडेकरू. तुम्ही गेलात तर तो तुमच्या मागून चालेल.

पैशांचा हिशेब. घर तुमचं स्वतःचं आहे म्हणून भाडं माफ करायचा मोह होईल, तो आवरा. समजा पाच माणसं आहेत. वीज, पाणी, घरपट्टी, डागडुजी धरून महिन्याला माणशी १,००० आणि किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून माणशी ३,००० च्या आसपास. मी ५,००० घ्यायला सांगेन. वरचे १,००० त्याच्याच नावाच्या रिकरिंग खात्यात टाका. जाताना खोलीचं डिपॉझिट तिथून निघतं. कंत्राटी कामावर महिन्याला १२,००० ते १५,००० मिळणाऱ्याला हे जड नाही. पहिला महिना पूर्ण फुकट, दुसऱ्या महिन्यात निम्मे, तिसऱ्यापासून पूर्ण. फुकटचा महिना उधारीत धरू नका. उधारीचा आकडा वाढला की माणूस तोंड चुकवायला लागतो आणि एक दिवस पिशवी घेऊन निघून जातो. रोख हातात देणंही टाळा. सिटीलिंक बसचा पास काढून द्या, सेफ्टी शूज आणून द्या, डब्याची सोय करा.

हिशेब त्यांनीच ठेवायचा. या बाबतीत अमेरिकेतलं ऑक्सफर्ड हाऊस मला फार उपयोगी वाटतं. १९७५ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग गावात व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी सरकारी खर्चाने चाललेलं घर पैशाअभावी बंद पडणार होतं. तिथे राहणाऱ्यांनीच, त्यांत पॉल मोलॉय नावाचे गृहस्थ होते, ते घर भाड्याने घेतलं आणि चालवलं. अटी तीनच: कारभार मतदानाने, खर्च राहणाऱ्यांचा, आणि पुन्हा नशा केली तर घर सोडायचं. पगारी व्यवस्थापक नाही. तीच पद्धत आज काही हजार घरांत चालू आहे आणि त्यांत तुरुंगातून आलेले खूप असतात. शेजाऱ्यांचा विरोध तिथेही झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराने नात्याची नसलेली पाचांहून अधिक माणसं एका घरात नकोत असा नियम पुढे केला, आणि १९९५ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात शहर हरलं. आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येत नाही. सुटून आलेल्या पाच अनोळखी माणसांना कोणी घर भाड्याने देत नाही, एका संस्थेच्या हाताखालच्या माणसांसाठी एका हाउसिंग सोसायटीने ठराव करून नकार दिलेला मी पाहिलाय. म्हणून मालक म्हणून तुम्ही हवेच. पण कारभार मतदानाने, हे मात्र घ्या. रविवारी संध्याकाळी बैठक, त्यात हिशेब वाचायचा, स्वयंपाकाच्या पाळ्या लावायच्या, नवा माणूस घ्यायचा की नाही ते ठरवायचं. तुम्ही बोलावलं तर जा, एरवी नको.

नियम कमी ठेवा. घरात दारू नाही, मारामारी नाही, जुन्या केसमधल्या साथीदाराला रात्री मुक्काम नाही, महिन्याचे पैसे दहा तारखेच्या आत. मारामारी केली तर त्याच दिवशी बाहेर, आणि यात मतदानही नको. बाकी चुकांना त्यांनीच बसून निर्णय द्यावा. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण ते तुमच्यापेक्षा कडक असतात. कधी कधी तुम्हालाच 'अजून एक संधी द्या' म्हणावं लागेल. बाहेर काढलेला माणूस रस्त्यावर पडू नये म्हणून महापालिकेच्या रात्र निवाऱ्याचा पत्ता आणि फोन भिंतीवर आधीपासून असू द्या.

शेजारी. पाटी नको हे वर आलंच. पण लपवाछपवीही नको, ती फार दिवस टिकत नाही. लागून असलेल्या दोन-तीन घरांना तुम्ही स्वतः, भाडेकरू राहायला यायच्या आधी, सांगा: अशी माणसं आहेत, अमुक कामाला जातात, काही वाटलं तर आधी मला सांगा. गल्लीभर सभा घेऊ नका. सभेत जो मोठ्याने बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. कोणाचा गुन्हा काय, हे मात्र शेजाऱ्यांना कधीच सांगू नका, विचारलं तरी. घराच्या जागेबद्दल एक शंका आहे. जेल रोड म्हणजे रोज कामाला जाताना तुरुंगाची ती भिंत दिसणार. काहींना फरक पडत नाही, काहींना त्या रस्त्याने जाणं नकोच असतं. पहिल्या दोघांना आधी घर दाखवा आणि विचारा. दुसरी अडचण व्यावहारिक: कोणाचे आतले दोस्त मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, येणाऱ्या नातेवाइकांकडून निरोप पाठवतात, अमुक पोचव, तमुक आण. घर तुरुंगाच्या इतकं जवळ असलं की ही कामं गळ्यात पडतात. यावर रविवारच्या पहिल्याच बैठकीत बोलून घ्या.

कामाच्या बाबतीत नाशिक बरं. सिक्युरिटी गार्डची नोकरी विसरा, तिथे चारित्र्य पडताळणी लागते. केटरिंग, मंडप, बेकरी, फर्निचर, कारखान्यात माल चढवणं-उतरवणं इथे सहसा कोणी मागचं विचारत नाही. जानेवारी ते एप्रिल निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हात कमी पडतात. नाशिकरोड कारागृहात सुतारकाम चालतं, शाडूच्या गणेशमूर्ती होतात. आत ते शिकलेला माणूस असेल तर गणपतीआधीचे दोन-तीन महिने मूर्तिकारांकडे चांगले जातात. मालकाला खरं सांगायचं का? सांगावं, पण माणसाने स्वतः, आणि दहा-पंधरा दिवस काम दाखवल्यावर. तुम्ही शिफारस करायला जाऊ नका. तुमच्या तोंडून आलं की तो पुन्हा लाभार्थी होतो.

परवानगीचं उत्तर छोटं आहे. स्वतःच्या घरात प्रौढ माणसांना भाड्याने ठेवायला वेगळी परवानगी लागत नाही. देणग्या घ्यायच्या तर सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, धर्मादाय आयुक्त, हिशेबतपासणी हे सगळं येतं. पहिलं वर्ष तरी त्यात पडू नका. जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांना भेटा, परिविक्षा आणि सुटकेनंतरची मदत हे त्यांचंच काम आहे, आणि सुटलेल्यांना छोट्या धंद्यासाठी अर्थसाहाय्य मिळण्याची वाट त्यांच्या टेबलावरून जाते. कारागृह अधीक्षकांना पत्र द्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे, त्यांच्या कार्यकर्त्यांशी बोला. तुरुंगात आधीपासून जाणाऱ्या कार्यकर्त्यामार्फतच माणसं घ्या. सुटकेच्या दिवशी गेटवर भेटलेल्या माणसाला थेट घरी आणण्यापेक्षा, सुटायच्या आधी दोन-तीनदा भेट झालेला माणूस केव्हाही बरा. सुरुवात दोघांनी करा, त्यांतला एक वयस्क असू द्या. पाचवा माणूस सहा महिन्यांनी आला तरी चालेल. किती दिवस राहायचं, हे अकरा महिन्यांच्या करारातच ठरलेलं आहे. एकदा वाढवून द्यायला हरकत नाही, दुसऱ्यांदा मागितलं तर अडचण घराची नाही, काहीतरी वेगळी आहे, ती शोधा.

आता तुमच्या पत्नीचा प्रश्न. देशातल्या कैद्यांत बायका जेमतेम ४ टक्के. त्यामुळे त्यांच्यासाठी सोय कमी, आणि गरज जास्त. पुरुषाची बायको, आई मुलाखतीला येत राहते. बाईकडे बहुधा कोणी फिरकत नाही. सुटलेल्या निराधार स्त्रीला सरकारच्या शक्ती सदनात, म्हणजे पूर्वीच्या स्वाधारगृहात, प्रवेश मिळू शकतो. पण तिथून पुढे काय, हा प्रश्न राहतोच. बाईच्या बाबतीत गणित मुलांवर अडतं. आईबरोबर तुरुंगात मूल सहा वर्षांपर्यंतच राहू शकतं. पुढे नातेवाईक नसले तर ते बालकल्याण समितीमार्फत बालगृहात जातं. सुटल्यावर आई मूल परत मागायला जाते तेव्हा समिती बघते की राहते कुठे आणि कमावते काय. म्हणजे तिलाही तो भाडेकरार लागतो, आणि मुलाला झोपायला जागा असलेली खोली लागते. पाच बायकांचं घर असं मोजून चालणार नाही. तीन बायका आणि चार मुलं असं मोजा, शाळेच्या प्रवेशासकट. तुमच्या तीन खोल्यांत हे बसतं. पण पुरुषांचं आणि बायकांचं घर एकाच आवारात नको, पडवीला वेगळं दार काढूनही नको. दोन्हींपैकी एक निवडा. तुमच्या पत्नीचा वेळ आणि ओढ दोन्ही तिकडे असेल, तर नाशिकमधल्या शक्ती सदनाच्या अधीक्षिकेला भेटा आणि विचारा, तिथून बाहेर पडायला तयार झालेल्या, पण जायला जागा नसलेल्या दोघी-तिघी आत्ता आहेत का.